क्लॅम्पला लावलेली तीट

नानाखेडा, उज्जैन
११ जानेवारी

प्रिय निहू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडता पुस्तकांखाली सरकवशील, हे मी गृहीत धरलं. म्हणून पत्ता शेजारच्या मीरामावशीकडून लिहून घेतला. फसवलं म्हणून चिडशील, पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मी पत्र लांबवणार आहे, कारण मुद्द्यावर यायला मला धीर होत नाही. शेवटी एक काम आहे आणि ते तुझ्याइतकंच माझंही आहे. गेले अकरा महिने तू माझ्याशी बोलत नाहीस. महिन्यातून एकदा मोबाइलवर 'ठीक आहे' असा निरोप येतो आणि मी त्याला 'बरं' असं उत्तर देतो. आई गेल्यावर रामघाटावर तू मला जे विचारलंस, त्याचं मी खोटं उत्तर दिलं होतं. ते आज दुरुस्त करायचं आहे.

आधी इकडची हालहवाल. सिंहस्थाच्या तयारीत निम्मे रस्ते खणून ठेवलेत. फ्रीगंजला जायचं तर ई-रिक्षावाला सगळं गाव दाखवत नेतो आणि वर म्हणतो, "बाबूजी, दो साल की तकलीफ है, फिर देखना." भय्यासाहेबांची कंबर पुन्हा धरली आहे, ते सकाळी फिरायला येत नाहीत, त्यामुळे मीही जात नाही. दूध अर्धा लिटर केलं. बाई चार पोळ्या करून जाते, दोन मी खातो, दोन गायीला घालतो. तीन कर म्हणून सांगायचं रोज ठरवतो आणि रोज राहतं. भाजीवाली उन्हाळ्यापर्यंत विचारायची, "बिटिया कब आ रही है?" मी "जल्दी" म्हणायचो. आता तिनं विचारणं सोडलं आहे. मध्यंतरी एका सोमवारी माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी एकूण दोन वाक्यं बोललो आणि दोन्ही गॅसच्या टाकीबद्दल होती. मला एकटं वाटतं, निहू. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितो आहे.

दिवाळीच्या आसपास तुझा प्रबंध आला. आत चिठ्ठी नव्हती, पण तू पाठवलास हे काय थोडं आहे. सगळा वाचला. तू हसशील, कारण इंग्रजी वाचताना माझे ओठ हलतात हे तुला माहीत आहे. रोज सकाळी चहानंतर चार पानं, शब्दकोश उजव्या हाताला. गणित जिथे फार वर गेलं तिथे मी ते टाळून पुढे गेलो, पण आकृत्या सगळ्या पाहिल्या. चौऱ्याऐंशी पानावरच्या आलेखात अक्षाचे आकडे इतके बारीक आहेत की मला भिंग घ्यावं लागलं. परीक्षकांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो. बाकी काम नेटकं आहे. असं काम माझ्या हाताखालच्या एकानंही मला कधी करून दाखवलं नाही. पहिल्याच कोऱ्या पानावर तू मराठीत एक ओळ लिहिली आहेस. तिच्याबद्दल नंतर लिहितो.

वाचताना मला सारखी ती दुपार आठवत होती. तू नऊ वर्षांची असशील. विद्युत मंडळाचा थर्मोव्हिजन कॅमेरा मी रविवारी घरी आणला होता, कारण सोमवारी पहाटेच दौऱ्यावर निघायचं होतं. साहेबांना कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. तू भिंतीवर पंजा टेकवलास, काढलास आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुझा पंजा तसाच उजळत राहिला. हात गेला तरी हात कसा दिसतो, असं तू विचारलंस. भिंतीनं तुझी ऊब घेतली आणि आता ती परत देते आहे, असं मी सांगितलं. मग आई स्वयंपाकघरातून आली, तिनंही हात टेकवला आणि तिचा पंजा काळा उमटला. तू घाबरलीस. आई थंड आहे का, असं विचारून रडायला लागलीस. ती नुकतीच तांदूळ धुवून आली होती, एवढंच. आई हसत सुटली आणि तुला पोटाशी धरलं, आणि पडद्यावर तुम्ही दोघी मिळून एकच पिवळा डाग दिसू लागलात. पुढे तू अवरक्त प्रकाश का निवडलास असं लोक विचारायचे, तेव्हा तू मोठमोठी कारणं द्यायचीस. मी मनात म्हणायचो, हिला त्या दुपारचा पंजा पुरला.

माझी नोकरी काय होती हे तू लहानपणी मैत्रिणींना सांगायचीस: माझे बाबा गरम तारा शोधतात. तेच खरं. सबस्टेशनात उभं राहायचं, कॅमेरा वर धरायचा, आणि डोळ्यांना सगळे सारखेच दिसणारे जोड त्यात पाहायचे. जो ढिला असेल तो तापलेला दिसतो. तीस वर्षांत एकच मोठी चूक झाली, ती तुला कधी सांगितली नाही. गावाबाहेरच्या एका सबस्टेशनात तारा जोडणारा नवा कोरा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प बसवला होता, चकचकीत. कॅमेऱ्यात तो गार दिसला. मी वहीत 'ठीक' लिहून सही केली. नऊ दिवसांनी तो वितळला, जंपरची तार तुटून खाली आली, आणि विष्णू नावाच्या लाइनमनचा दंड भाजला. नवा चकचकीत धातू स्वतःची उष्णता बाहेर सोडतच नाही म्हटलं तरी चालेल. तो फक्त समोरचं परावर्तित करतो. मला कॅमेऱ्यात क्लॅम्प दिसलाच नव्हता, त्यात पडलेलं गार आकाश दिसलं होतं. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, मी वाचलंही होतं, पण वाचणं आणि ध्यानात असणं यात फार अंतर आहे.

त्यानंतर मी एक पद्धत पाडली. लाइन बंद असेल तेव्हा प्रत्येक नव्या क्लॅम्पला बोटभर काळा रंग लावून घ्यायचा. तो डाग क्लॅम्पइतकाच तापतो आणि तो खोटं बोलत नाही. मग पाहणीच्या वेळी चकचकीत भाग सोडून तो काळा डाग मोजायचा. लाइनमन लोक मला मागून 'टीकेवाले साहब' म्हणायचे. विष्णू बरा होऊन आला तो काळ्या रंगाचा डबा घेऊनच पहिला शिडीवर चढला आणि वरून ओरडला, "साहब, इसको भी नज़र का टीका लगा दूँ?" मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, तारांना तीट लावत हिंडता, मला कधी लावली नाहीत. मी म्हणालो, तुला कुणाची नजर लागते. यावर ती दोन दिवस फुरंगटून होती.

तुझ्या प्रबंधातल्या दीर्घिका मला ओळखीच्या वाटल्या त्या यामुळे. साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर मळकट, काही विशेष नाही. आणि अवरक्तात त्याच लाख कोटी सूर्यांइतक्या उजळ. आतला सगळा प्रकाश धूळ गिळते, तापते आणि उष्णता म्हणून परत देते. तापते म्हणजे किती, तर उणे दोनशे तीस अंश. या आकड्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. आम्ही शंभर अंशांचा जोड पाहून धावपळ करायचो आणि तुम्ही लोक एवढ्या गारठ्यातली ऊब मोजता. दोन दीर्घिका एकमेकींवर येतात, वायू मधोमध कोसळतो, आणि आपल्या आकाशगंगेच्या शंभर पट वेगानं तारे जन्मतात. किंवा मधलं कृष्णविवर तो वायू खात असतं. गंमत अशी की आत काहीही असलं तरी धूळ तापतेच. नुसती धूळ किती तापली हे बघून आत काय जळतं आहे ते सांगता येत नाही, असं तू तिसऱ्या प्रकरणात लिहिलं आहेस. मग तू खुणा शोधल्यास. काजळीच्या जातीचे रेणू दिसले तर आत तारे, कारण कृष्णविवराजवळच्या कडक किरणांत ते टिकत नाहीत. धूळ जास्तच गरम असेल तर संशय कृष्णविवरावर. आणि तुझ्या त्या सतरा नंबरच्या दीर्घिकेत, जिथे सगळ्यांनी नुसते तारेच धरले होते, तिथे तुला दोन्ही सापडलं. ते पान मी तीनदा वाचलं. मग मीरामावशीला जाऊन वाचून दाखवलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी साखर आणून माझ्या हातावर ठेवली.

आता रामघाट. दहाव्याचं सगळं आटोपलं होतं, गुरुजी पात्रं गोळा करत होते आणि तू पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसलीस. आईच्या हॉस्पिटलच्या कागदावर तू निदानाची तारीख वाचली होतीस, सप्टेंबरची. आई गेली फेब्रुवारीत. मधले पाच महिने तू चिलीच्या वाळवंटात त्या दुर्बिणीवर होतीस आणि दर रविवारी आम्ही दोघं फोनवर तुला सांगत होतो की इकडे सगळं छान आहे. तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला कळू दिलं नाहीत, आईनं सांगितलं असतं, तुम्हीच तिला नको म्हणाला असणार. मी पाण्याकडे बघत होकारार्थी मान हलवली. तू उठलीस, वर जाऊन रिक्षात बसलीस, आणि तेराव्यानंतर पुण्याला निघून गेलीस ती गेलीसच.

निहू, मला ठाऊक नव्हतं. आईला दवाखान्यात दाखल केलं त्या संध्याकाळी मला कळलं आणि त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तू तिसऱ्या दिवशी पोचलीस, ती त्याच दिवशी पहाटे गेली होती. त्याआधीचे पाच महिने ती दर तिसऱ्या गुरुवारी महिला मंडळाच्या कामाला म्हणून मीरामावशींबरोबर इंदूरला जायची. मीच तिला स्कूटरवरून बसस्टँडला सोडायचो, बस हलेपर्यंत उभा राहायचो, आणि खिडकीतून ती हात करायची. जाताना नेहमी नीट तयार होऊन जायची, पावडर, कुंकू, ती मोरपंखी साडी. मी म्हणायचो, भाषण वगैरे आहे का तुझं. गाठ छातीत होती आणि हाडांपर्यंत गेली होती. तिनं मोठे उपचार नको म्हटलं, गोळ्या तेवढ्या घेत राहिली, त्या मला ॲसिडिटीच्या वाटल्या. पाठ दुखते म्हणाली तेव्हा मी फ्रीगंजमधून कमरेचा पट्टा आणून दिला आणि फार मोठं काम केल्यासारखा बसलो. इंदूरच्या डॉक्टरांना मी परवा विचारलं की माझ्याकडे तो कॅमेरा असता तर मला दिसलं असतं का. ते म्हणाले, नाही, त्यावर हे भरवशानं कळत नाही, मनातून काढून टाका. मी काढणार नाही. कॅमेऱ्याचा प्रश्नच नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं, ती हसरी दिसली आणि मी वहीत 'ठीक' लिहिलं.

मग मान का हलवली, असं तू विचारशील. एक कारण बरं आहे आणि एक वाईट. बरं असं की तुझा राग कुणावर तरी पडणारच होता, आणि जी नुकतीच गेली तिच्यावर तो पडू नये असं मला वाटलं. वाईट असं की खरं सांगायची लाज वाटली. बत्तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला बायको मरते आहे हे कळलं नाही, हे मुलीला कसं सांगायचं. तुझा बाप निर्दय आहे असं तुला वाटलेलं मला परवडलं, तो आंधळा आहे हे कळलेलं नाही. वाटलं होतं, चार महिन्यांत तुझा राग ओसरेल. मग प्रबंध आला आणि त्या कोऱ्या पानावरची तुझी ओळ वाचली. 'आईसाठी, जिनं माझ्यापासून कधीच काही लपवलं नाही.' त्यानंतर माझं तोंड कायमचं बंद झालं. छापलेली ओळ आहे, ती खोटी ठरवणारा मी कोण. म्हटलं, राहू दे तिची आई तिच्याकडे आहे तशी.

गेल्या आठवड्यात भय्यासाहेबांच्या कंबरेचं कळलं तेव्हा आईचा तो पट्टा त्यांना द्यावा म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवरून खोका काढला. पट्टा फारसा वापरलेलाच नव्हता. त्याखाली इंदूरचे सगळे कागद होते. मी आणलेला खोका मी पुन्हा कधी उघडणार नाही हे तिला बरोबर ठाऊक होतं. मीरामावशीला विचारलं तेव्हा त्या दारातच रडायला लागल्या, आईनं त्यांना देवासमोर शपथ घातली होती. मी तीन दिवस त्यांच्यावर रागावून झालो आहे, तू नव्यानं रागावू नकोस. त्या कागदांत रक्ताच्या एका तपासणीचा अहवाल आहे. आईची आई आणि मावशी दोघी याच आजारानं पन्नाशीत गेल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी ती करायला लावली होती. मी अहवाल घेऊन इंदूरला गेलो, डॉक्टरांसमोर बसलो आणि समजून घेतलं. आईच्या रक्तात एक दोष होता, ज्यामुळे हा आजार घराण्यात उतरतो. तो तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणजे नसण्याचीही निम्मी. असला तरी तो आजार नव्हे, फक्त लवकर लक्ष ठेवावं लागतं, आणि लवकर लक्ष ठेवलं तर पुष्कळ काही करता येतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

अहवालाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली आहे, आईच्या अक्षरातली. तिची छायाप्रत सोबत जोडतो, मूळ मी ठेवून घेतली आहे, तेवढं मला माफ कर. ती लिहिते: 'निहूचं दुर्बिणीचं काम फेब्रुवारीअखेर संपतं. संपलं की तिला सगळं सांगायचं. तिची तपासणी करायची. यांना बरोबर न्यायचं, हे प्रश्न नीट विचारतात.' तिनं सांगायचं ठरवलंच होतं, निहू. तिला दोन आठवडे कमी पडले. तेव्हा पहिल्या पानावरची ओळ तू बदलू नकोस. माझ्यावरचा राग ठेवायचा तर ठेव, आता निदान खरं काय ते ठाऊक असून ठेवशील. पण तपासणी कर. मोबाइलवर हे पाठवलं असतं तर तू एकटीनं, कामाच्या मधे, उभ्या उभ्या वाचलं असतंस. म्हणून कागद. पुढच्या शुक्रवारी दुपारी इंदूरहून पुण्याच्या गाडीत बसतो आहे, तिकीट काढलं आहे. स्टेशनवर येऊ नकोस, मी रिक्षा करून येईन. घरी ठेवून घ्यायचं नसेल तर तपासणीच्या ठिकाणी बाहेरच्या बाकावर बसेन, तिथे बसायला कुणी मनाई करत नाही. वर्षश्राद्धाचं मग दोघं मिळून ठरवू. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून काढले आहेत, बावीस झाले. तुला आणखी सुचतील म्हणून मागची दोन पानं कोरी ठेवली आहेत.

तुझाच,
बाबा